उर्गेनच्या गोळ्या

छुमार, मंसिर ११

उर्गेन,

तुझं पत्र आलं नाही, खोका आला. खिंड बंद व्हायच्या आत धनबहादूरची खेचरं शेवटची वर आली, त्यात मिठाच्या पोत्यांमागे तुझा खोका होता. वर आपांचं नाव होतं, माझं नव्हतं. म्हणून मी हात लावला नाही. आपांनीच दोरी दातांनी तोडली.

आत गोळ्यांच्या डब्या, आणि प्रत्येक डबीवर तू. लाल बनियन घालून एका धारेवरून पळतोयस, मागे बर्फाचा डोंगर. आशांग छेवांग आलेच होते, त्यांनी डबी डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाले, "हा डोंगर आपल्याकडचा नाही. कुठं नेऊन पळवला याला?" मामा तुला माहीतच आहेत, कशावरही आधी शंका काढतील, मग चहा मागतील.

तुझ्या पायाखाली यार्साचं चित्र आहे. आपण पोटावर सरपटत, गवतात नाक खुपसून शोधतो तेच. बोटाच्या पेराएवढा किडा आणि त्याच्या डोक्यातून फुटलेली अळंबीची तपकिरी काडी. चित्रात तो इतका स्वच्छ आणि पिवळा आहे, जणू सोन्याचा केलाय. खाली नेपाळीत मजकूर. सगळ्यांनी मला वाचायला लावला. "दोल्पोचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हे खाऊन डोंगर चढत आले. आता तुम्हीही चढा. दम वाढवा, थकवा घालवा."

मी वाचून संपवलं. मग आशांग आपांकडे वळून म्हणाले, "कोण खात आलं म्हणे? मी तर नाही बाबा खाल्लं. कुंगा, तू आमच्या नकळत खात होतास का रे?"

सगळे हसले. धनबहादूर तर चहा सांडेपर्यंत हसला. तुलाही ठाऊक आहे, आपल्या घरात यार्सा तोंडात कुणी घातला नाही. तुटका निघाला तरी वेगळा बांधून विकायचा. डोंगर चढलो ते जवाच्या सत्तूवर आणि लोणी घातलेल्या खारट चहावर. पण ते डबीवर लिहून कोण विकत घेणार, नाही का.

आपा मात्र हसले नाहीत. डबी हातात फिरवत म्हणाले, "पोरगं सांगतंय तर त्यात काही असेल. आपण आयुष्यभर विकतच राहिलो. खाऊन कुणी बघितलं?" आणि तिथल्या तिथे एक गोळी चहाबरोबर गिळली. आता तुझी एक डबी देव्हाऱ्यात दलाई लामांच्या फोटोशेजारी उभी आहे.

मी तुला लिहिणार नव्हते. आमा गेल्यापासून लिहिलं नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. तिला आम्ही स्मशानाच्या खडकावर नेलं तेव्हा तू तिकडे शर्यती पळत होतास. एकोणपन्नासाव्या दिवशी सगळी वाडी जेवली, तू नव्हतास. धनबहादूरनं गूळ बांधून आणलेल्या वर्तमानपत्रावर तुझा फोटो होता, गळ्यात पदक. त्या कागदाचं मी काय केलं ते विचारू नकोस.

पण खोका मिळाला हे कळवायला हवं. आपा लिहायला सांगतात आणि धनबहादूर उद्या सकाळी उलटा फिरतोय. हेल्थपोस्टची सिस्टरही त्याच्याबरोबर खाली चालली आहे, थंडीचं कुलूप लावून. जाताजाता तिनं आपांना बघितलं. बरे आहेत. पाय थोडे सुजतात, बसून बसून.

बुट्री

*

छुमार, चैत २१

उर्गेन,

खिंड उघडली. पहिल्या माणसाबरोबर हे पत्र देतेय, तेव्हा लवकर मिळावं.

तुझ्या गोळ्या आपा न चुकता घेतात. सकाळी एक, झोपताना एक. सुरुवातीला मी म्हणत होते की हे सगळं मनाचे खेळ आहेत. पण खरं सांगते, फरक आहे. माघात ते चुलीजवळून उठत नव्हते, आता स्वतः झऱ्यावर जातात. भांडं अर्धंच भरतात, पण जातात. परवा छपरावर चढून बसले आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून सांगत होते, "माझ्या पोराचा दम माझ्यात उतरलाय."

आशांग म्हणाले, "मग पोराकडे काय उरलं?"

"त्याच्याकडे कोठार आहे," आपा म्हणाले.

कितीतरी दिवसांनी या घरात कुणी असं बोललं. मी चुलीजवळ पाठ करून बसले होते, म्हणजे त्यांना माझा चेहरा दिसू नये.

आशांगांचं म्हणणं, आपांचे ओठ निळे दिसतात. पण आशांगांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांना आमची पांढरी याकसुद्धा निळी दिसते. तू काळजी करू नकोस.

वाडीची बैठक झाली. जेठ लागला की यार्सासाठी वरची कुरणं उघडणार. आपांनी सगळ्यांसमोर सांगितलं, यंदा मी वर जाणार. दोन उन्हाळे ते तंबूत गेलेले नाहीत, तुला कुणी सांगितलं असेल-नसेल. कुणी हसलं नाही. उलट शेजारच्या नोर्जोमची सासू मला बाजूला घेऊन विचारत होती, तुझ्या भावाच्या गोळ्या आमच्या म्हाताऱ्यालाही मिळतील का म्हणून. यार्सा आपणच खणायचा, आपणच विकायचा आणि आपणच डबीतून परत मागायचा, असं झालंय बघ.

हे सगळं तू येऊन बघायला हवंस. कागदावर किती लिहिणार. आपा सत्तरीत उतार चढतात, तेही तू पाठवलेल्या औषधानं, आणि तू तिथं काठमांडूत दुसऱ्यांना सांगत बसलायस. ये की एकदा.

बुट्री

*

छुमार, वैशाख १९

उर्गेन,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. त्यातल्या तीन तुझ्या गोळ्यांच्या कंपनीच्या होत्या.

माझं पत्र तू तुझ्या साहेबाला वाचून दाखवलंस. पत्र तुला होतं. असो. त्याला आवडलं म्हणतोस. "दोल्पोचा म्हातारा, जो पुन्हा चढू लागला." मी असं लिहिलं नव्हतं, पण वाईट नाही. तू विचारतोस, हे सगळं कॅमेऱ्यासमोर होईल का. होईल. ये.

आपांना सांगितल्यापासून ते शांत बसत नाहीत. ट्रंकेतून आमानं विणलेला लग्नातला कोट काढलाय. कसरीनं भोकं पाडली होती, ती मी रफू केली. कोट अंगात सैल होतो, खांद्यावर बसत नाही, पण पोटावर मात्र घट्ट होतो. मी म्हटलं, आपा, तुम्ही जाड झालात. ते म्हणाले, "गोळ्या अंगी लागल्या."

सकाळी ते सराव करतात. घरापासून स्तूपापर्यंत आणि परत. मी खिडकीतून बघते. मध्ये मध्ये भिंतीला हात लावून उभे राहतात, कुणी आलं की भिंतीवरचे दगड नीट लावल्यासारखं करतात, मग पुढे जातात. म्हातारं माणूस आहे, उभं राहणारच.

तू हेलिकॉप्टरनं येतोस हे ऐकल्यावर त्यांनी मला काय विचारलं सांगू? "बुट्री, तो मुक्काम करेल ना गं? का त्या हेलिकॉप्टरचं इंजिन चालूच ठेवतील?"

मी म्हटलं, करेल.

तेव्हा मुक्काम कर. आणि जेठ उजाडताच ये. जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर. नंतर उतारावर गवत वाढतं, चित्रात काही नीट दिसणार नाही.

बुट्री

*

छुमार, जेठ २४

उर्गेन,

तुम्ही गेल्यापासून काही कळलेलं नाही. आशांगांचा जावई खाली चाललाय, त्याच्याकडे हे देतेय. आपा जिवंत आहेत असं समजून लिहिते. नसतील तरी हे वाच.

त्या दिवशी तू होतास, सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. तरी मी कुठून बघत होते ते तुला सांगायला हवं.

हेलिकॉप्टर आपल्या जवाच्या शेतात उतरलं. कोवळं पीक झोपलं, पण त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. तू उतरलास, वाकून चालत आलास आणि "आचा" म्हणालास. चार वर्षांत मला ताई म्हणून कुणी हाक मारली नव्हती. मी म्हटलं, "चहा घे." तू म्हणालास, "आधी ऊन आहे तोवर शूटिंग करून घेऊ, मग निवांत पिऊ." निवांत हा शब्द मी धरून ठेवला. म्हणजे तू राहणार होतास.

आपा कोट घालून दारात उभे होते. तू पाया पडलास. त्यांनी तुझे खांदे दाबून बघितले, घोडा घेताना बघतात तसे. म्हणाले, "बारीक झालास रे. ह्या लोकांना सांग, गोळ्या तुलाही देत जायला."

मग तो उतार. पहिल्या वेळी ते चांगले चढले, मीही थक्क झाले. मोठ्या खडकापर्यंत गेले आणि तिथून हात हलवला. तुझ्याबरोबर आलेला, कॅमेऱ्यामागचा तो टोपीवाला म्हणाला, छान झालं, पण सूर्य ढगाआड होता, पुन्हा एकदा घेऊ. तू आपांकडे बघितलंस. आपा म्हणाले, "घेऊ की. सूर्याला थोडाच राग येतो."

दुसऱ्या वेळी ते अर्ध्यात पोचले आणि एकदम गुडघ्यांवर बसले. हात जमिनीला टेकले, डोकं खाली. टोपीवाला ओरडला, "सापडला, त्यांना सापडला, जवळून घ्या." कॅमेरा धावला. आपांनी बोटांनी गवत बाजूला सारायला सुरुवात केली, अगदी हलक्या हातानं, तसंच जसं तुला आणि मला लहानपणी शिकवलं होतं. सगळे कौतुकानं बघत होते.

तो उतार सूर्याकडे तोंड करून आहे. तिथं यार्सा कधीच येत नाही. हे त्या लोकांना कळणं शक्य नव्हतं. मला कळत होतं. मी खालून तुझ्याकडे बघितलं आणि तुलाही कळलं. त्यांना काही सापडलं नव्हतं. त्यांना श्वास घेता येत नव्हता आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तुझ्या चित्रात बिघाड नको म्हणून ते गवतात खोटं खोटं शोधत होते.

तू कॅमेऱ्याच्या समोरून गेलास. त्यांचा बूट काढलास आणि नडगीवर बोट दाबलंस. खळगा पडला आणि तसाच राहिला. मी तोवर वर पोचले होते.

"हे कधीपासून?" तू विचारलंस.

"मंसिरपासून."

"तू तर लिहिलंस, चढतात म्हणून."

"चढत होते."

आपा म्हणत होते, "काही नाही रे, जरा दम लागलाय. त्यांना सांग, तिसऱ्यांदा घेऊ." तू त्यांना पाठीवर घेतलंस आणि उतारावरून खाली पळालास. मोठा झाल्यापासून तुला पळताना मी पहिल्यांदाच बघितलं. डबीवरच्यासारखं ते दिसत नाही. तुझे गुडघे वाकलेले होते, तोंड वासलेलं, आणि आपांचे हात तुझ्या गळ्याभोवती. एक बूट उतारावरच राहिला. तो घेऊन मी मागून आले, तोवर पंखा फिरायला लागला होता आणि आत माझ्यासाठी जागा नव्हती.

आता ते लिहिते जे तुला ठाऊक नाही.

सिस्टर जाताना आपांना बघून गेली हे मी तुला मंसिरात कळवलं. बरे आहेत असं ती म्हणाली नव्हती. ती म्हणाली, "बुट्रीदिदी, यांचं हृदय थकलंय. ही उंची आता यांना झेपत नाही. उद्या आमच्याबरोबर खेचरावर बसवून खाली आणा. खिंड बंद झाली की मग काही करता येणार नाही." आपांनी नाही म्हटलं. त्यांच्या हातात तुझी डबी होती. म्हणाले, "पोरानं औषध पाठवलंय, आता कशाला खाली?" आणि मी वाद घातला नाही.

मी का घातला नाही? गोळ्यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण खाली न्यायचं म्हणजे काठमांडूला न्यायचं, म्हणजे तुझ्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, आम्हाला ठेवून घे. ते मला नको होतं. आपांच्या "नाही"मागे मी लपले.

पुढे वसंतात ते जरा हिंडायला लागले तेव्हा मला वाटलं, बघ, काही झालं नाही. आणि मग मला दुसरं सुचलं. ते दुसरं काय ते तू ओळखलंच असशील.

काय झालं ते कळव. वाईट असेल तर आधी तेच लिही.

बुट्री

*

छुमार, असार २८

उर्गेन,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग आशांगांना वाचून दाखवलं. आपा वाचले म्हटल्यावर आशांग उठून बाहेर गेले आणि बराच वेळ याकशी बोलत बसले.

डॉक्टर म्हणाले ते मला समजलं. आयुष्यभर या विरळ हवेत राहून हृदयाची एक बाजू फुगली, रक्त दाट झालं. औषधानं सूज उतरली, आता चालतात-बोलतात. पण पुन्हा इथं वर यायचं नाही. या वर्षी नाही, पुढच्याही नाही. तू ते वाक्य पत्राच्या अगदी शेवटी, सही करण्याआधी लिहिलं आहेस. आपल्या घरातले सगळे वाईट बातमी अशीच देतात.

गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारलंस हे बरं केलंस. गोळ्यांनी ना भलं केलं ना बुरं, फक्त एक हिवाळा वाया गेला. हे तू लिहिलंस ते वाचून मी चुलीपाशीच बसून राहिले. कारण तो हिवाळा गोळ्यांनी नाही, मी घालवला.

पण पत्रातली खरी गोष्ट मधल्या पानावर होती. आमाची.

तू लिहितोस, आमा गेल्याचं तुला शर्यत संपल्यावर कळलं. पदक गळ्यात होतं तेव्हा तुमच्या प्रशिक्षकानं बाजूला नेऊन सांगितलं. आणि ती बातमी त्याच्याकडे पाच दिवस आधीच पोचली होती, कारण आपांनी बाजारगावातून त्याला फोन करून बजावलं होतं, धावून होईस्तोवर पोराला कळू देऊ नका. तू कधी बोलला नाहीस, कारण आपांनी तुलाही बजावलं, बुट्रीला सांगू नकोस.

मग घरातलं आशांगांच्या सुनेवर सोपवून बाजारगावापर्यंत चालत गेले, तुझ्या नंबरावर फोन लावला आणि तुला म्हटलं, आपांना दे. आमचं काय बोलणं झालं ते तुला कदाचित त्यांनी सांगितलं नसेल, म्हणून सांगते.

मी म्हटलं, "आपा, आमाच्या वेळी तुम्ही फोन केला होतात?"

त्यांचा श्वास ऐकू येत होता. आता तो स्वच्छ आहे, घरघर नाही. मग म्हणाले, "त्याची शर्यत होती ना गं. तुझी आमाच म्हणाली असती, धावू दे."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. तू त्याचा फोटो चुलीत घातलास. मग मला तुझी भीती वाटायला लागली. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. आणि एकदा वेळ गेली की ते सांगणं अवघड होतं, बुट्री."

मलाही आता तेच ठाऊक आहे.

मग त्यांनी विचारलं, "माझ्या यार्साच्या उतारावर यंदा कोण बसलं?" मी सांगितलं, नोर्जोमचे लोक. "काय मिळालं त्यांना?" मी म्हटलं, काही विशेष नाही. खरं म्हणजे त्यांना बरंच मिळालं.

कंपनीच्या लोकांशी तुझं वाजलं हे मला आपांकडूनच कळलं. आपा गुडघ्यांवर बसून गवत चाळतायत तोच तुकडा त्यांना जाहिरातीत लावायचा होता म्हणे, आणि तू लावू दिला नाहीस. आता डबीवर दुसरं पोरगं येणार. आपा चिडलेत तुझ्यावर. म्हणतात, "त्यात मी चांगला आलो होतो. आमच्या उर्गेनला धंदा कळत नाही." त्यांना चिडू दे.

बुट्री

*

छुमार, भदौ ३०

उर्गेन,

तू विचारतोस, आचा, तू खरं का लिहिलं नाहीस. आणि पुढे लिहितोस, आपांचं हृदय थकलंय एवढं एक वाक्य असतं तरी मी त्याच दिवशी निघालो असतो.

या पत्राला उत्तर द्यायला मला महिना लागला. जव कापायला आलं आहे म्हणून नव्हे. उत्तर मला ठाऊक होतं, लिहायला हात उचलत नव्हता.

मला वाटलं होतं, आपा आजारी आहेत असं कळवलं तर तू पैसे पाठवशील. आपा तुझ्या गोळ्या खाऊन डोंगर चढतात असं कळवलं तर तू येशील. मी तुला असा माणूस समजत होते. आईच्या मरणाला न आलेला माणूस बापाच्या आजारपणाला कशाला येईल, त्याला त्याच्या धंद्याचं आमिष लावलं पाहिजे, असा माझा हिशेब होता. म्हणून चैतात मी ते सगळं लिहिलं. झऱ्यावर ते गेले होते हे खरं आहे, एकदाच. छपरावर मी आणि आशांगांनी त्यांना उचलून ठेवलं होतं, उन्हासाठी.

आणि तू आलास. माझा हिशेब बरोबर निघाला असं मला त्या क्षणी वाटलं, हेलिकॉप्टर शेतात उतरलं तेव्हा. जिंकल्यासारखं वाटलं. मग तू त्यांना पाठीवर घेऊन पळालास, तेव्हा कळलं की मी काय केलं. तू कशासाठीही आला असतास. दोन ओळींवरही आला असतास. मी तुला तसं येऊच दिलं नाही.

आपांना तुझ्या खोलीत करमत नाही हे तू लपवत होतास, ते मला काठमांडूहून आलेल्या लामांकडून कळलं. सकाळी स्तूपाला फेऱ्या मारतात, दुपारी गच्चीवर बसून उत्तरेकडे बघतात, आणि संध्याकाळी तुझ्याशी भांडतात की मला वर सोड, मेलो तर माझ्या घरात मरेन. तू त्यांचे बूट लपवून ठेवलेस म्हणे. हे असलं मला लिहीत जा. मी फोनवर त्यांना बोलेन. माझं ते ऐकतात, माझी भीती वाटते ना.

तू म्हणतोस, याक विक, घराला कुलूप लाव आणि खाली ये, तिघं एकत्र राहू. मी येणारच नाही असं नाही. पण लगेच हो म्हणवत नाही. इथं मी घरात माणूस परत आणायला गेले आणि होता तो माणूसही बाहेर काढला. आता मीही निघाले तर या चुलीतून धूर काढायला कुणी उरत नाही. मला थोडा वेळ दे.

तोपर्यंत इथलं जसं आहे तसं लिहिते, आणि यापुढे असंच लिहीन. हेलिकॉप्टर उतरलं तेवढ्या भागातलं जव गेलंच, बाकीचं गुडघ्याएवढं आहे. तांबडी याक श्रावणात कड्यावरून पडली. मी आपांना फोनवर सांगितलं की ती बरी आहे, ते खोटं होतं. छपराचा मागचा कोपरा गळतो आणि मला एकटीला ती माती चढवता येत नाही. आशांगांना आता जवळजवळ दिसत नाही, तरी रोज येतात आणि आपांच्या जागेवर बसून दुसऱ्याच कुणाची तरी चेष्टा करतात. माझी दाढ दुखते आहे. संध्याकाळी मी दोन वाट्या काढते आणि मग एक परत ठेवते. मला इथं एकटीला बरं वाटत नाही, उर्गेन.

कापणीला येता आलं तर ये. नाही जमलं तर नाही जमलं असं लिही, कारण देऊ नकोस.

हे पत्र आपांना वाचून दाखव. मोठ्यानं, सगळं. मधलं काही गाळू नकोस.

तुझी आचा,
बुट्री